दुसऱ्यांच्या आया

मी हेवेखोर बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सामाजिक संस्थेत उभं आयुष्य काढलेली बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर सुती साडी, खांद्याला झोळी आणि मोठं मन उभं राहतं. साडी होती, झोळीही होती. मनाचं मात्र काही विचारू नका. आमच्या क्षेत्रात जेवढा हेवा चालतो तेवढा सराफाच्या पेढीवरही चालत नसेल. सराफाला निदान उघड म्हणता येतं की समोरच्याचं गिऱ्हाईक मला हवंय. आम्हाला तेच सेवेच्या भाषेत म्हणावं लागतं.

मीरा-भाईंदरमध्ये आमची एक छोटी संस्था आहे. तिचं नाव देत नाही. दिलं तर विश्वस्त मंडळी लेख आधी वाचायला मागतील, दोन वाक्यं इथली आणि चार तिथली काढतील, आणि मग लेखात माझ्यासारखं काही उरणार नाही. आमचं काम सांगायला अगदी सोपं. जे म्हातारे एकटे राहतात, किंवा घरातली सगळी कामावर गेल्यावर दिवसभर एकटे असतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा आमचं माणूस जातं. ते औषध देत नाही, स्वयंपाक करत नाही, अंघोळ घालत नाही. तासभर बसतं, बोलतं, ऐकतं आणि येतं. याला आम्ही 'भेट' म्हणतो. माझी नणंद एकदा म्हणाली होती, "वहिनी, गप्पा मारायचा पगार मिळतो तुम्हाला? आम्ही आपल्या फुकट मारतो." मिळायचा बाई. पण तो किती, ते ऐकून तिचंच तोंड बंद झालं असतं.

गप्पा मारणं हे काम आहे, हे बाहेरच्याला पटत नाही. बसायचं कुठे इथपासून सुरुवात. घरात एक खुर्ची अशी असते की तिच्यावर कुणी बसत नाही. ती गेलेल्या माणसाची असते. नवीन कार्यकर्ती नेमकी तिच्यावर जाऊन बसते आणि आजोबांचा चेहरा दगड होतो. म्हणून आमच्याकडे पहिला धडा हा: उभं राहायचं, 'बस' म्हणतील तिथेच बसायचं. "मुलगा फोन करतो का?" हे विचारायचं नाही, करत असेल तर ते आपणहून सांगतात. काही खायला न्यायचं नाही, काही घेऊन यायचं नाही. एकच गोष्ट पुन्हा सांगायला लागले तर पुन्हा ऐकायची, आणि पहिल्यांदा जिथे हसलो तिथेच हसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. माझ्या हाताखाली चांगल्या शिकलेल्या मुली आल्या, वृद्धांच्या मानसशास्त्रावर तासभर बोलतील अशा, पण दुसऱ्यांदा हसता न आल्यामुळे महिन्याभरात सोडून गेल्या.

नवघर रोडला एक काका होते. बायको गेलेली, मुलगी दुबईला. मुलीनेच फोन करून आम्हाला बोलावलं होतं. हे काका सेफ्टी डोअर उघडायचे नाहीत. आतून खुर्ची आणून जाळीपाशी बसायचे आणि मी बाहेर पॅसेजमध्ये उभी. समोरच्या वहिनींना दया आली, त्यांनी मला स्टूल दिलं. महिनोन् महिने मी त्या जाळीला नाक लावून त्यांच्या नोकरीतल्या भांडणांच्या गोष्टी ऐकल्या. मग माझी पाळी बदलली आणि माझ्याऐवजी वर्षा नावाची आमची मुलगी गेली. पहिल्याच दिवशी तिला आत घेतलं. वर चहा केला, तोही स्वतः. तिने आल्यावर मोठ्या आनंदाने सांगितलं, "ताई, काकांनी दार उघडलं!" मी म्हटलं, "वा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिने विचारलं होतं म्हणे, सुनंदाताईंना का नाही आत घेतलंत? तर काका म्हणाले, "त्या आत आल्या असत्या तर गेल्याच नसत्या."

आणि बाहेरच्या संस्था! मुंबईतली एक मोठी संस्था आमच्या मीरा रोडला आली तेव्हा तिच्याबरोबर एसी गाडी आली, छापील टी-शर्ट आले, टोप्या आल्या. एका मोठ्या कंपनीची पोरं त्यांच्याबरोबर यायची, केक कापायची, अंताक्षरी खेळायची, फोटो काढून संध्याकाळच्या आत घरी. आमच्या सावंत आजी, ज्यांच्या गुडघेदुखीची कहाणी मला तोंडपाठ होती, त्या एक दिवस पेपरात त्यांची टोपी घालून हसताना दिसल्या. मी पुढच्या भेटीला विचारलंच, "आजी, टोपी घातलीत?"

"फुकट दिलीन गो," आजी म्हणाल्या. "ऊन लागत होतं."

"सभागृहात ऊन?"

आजींनी विषय बदलला. गुडघ्यांकडे नेला. मीसुद्धा जिथे हसायचं तिथे त्या दिवशी हसले नाही.

पण आमच्या संस्थेचा सगळ्यात मोठा नियम ज्या बाईमुळे झाला, तिची गोष्ट सांगायला हवी. शांती नगरमध्ये एक गुजराती आजी होत्या, त्यांना मी 'बा' म्हणायचे. हात थरथरायचे, त्यामुळे केस विंचरता येत नसत. तेव्हा आमचे नियम अजून कच्चे होते. मी दर शनिवारी जायचे आणि बोलता बोलता त्यांच्या केसांना तेल लावून वेणी घालून द्यायचे. बा डोळे मिटून बसायच्या. त्यांची मुलगी भावना बोरिवलीहून रविवारी यायची. नोकरी, दोन मुलं, सासू, सगळं सांभाळून यायची. एक दिवस शनिवारी मी त्यांच्या बिल्डिंगखाली पोचले तर ही गेटजवळ उभी. मुद्दाम रजा टाकून आलेली.

"आंटी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोलो ना."

"मैं तेल की शीशी लेके बैठती हूँ, और मम्मी बोलती है, रहने दे, सुनंदाबेन कल ही कर गई. हर हफ्ते यही." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "एक ही संडे मिलता है मुझे. वो भी आप शनिवार को ले जाती हो."

पुढच्या आठवड्यापासून बांच्या घरची भेट बंद झाली. भावनाने फोन करून गोडीत सांगितलं, आभारही मानले. आता यात माझी काय चूक? तेल मी लावलं होतं, बा माझ्याकडे बघून हसल्या होत्या, आणि रविवार मात्र तिचा! मला तिचा इतका हेवा वाटला की मी शांती नगरच्या त्या सेक्टरमधून जायचंच टाळत होते. पण धंद्यातलं माणूस म्हणून विचार केला तेव्हा कळलं की ती बरोबर बोलत होती. आपण आठवड्याचा एक तास देतो आणि लेकीची जागा घेऊन बसतो. मग तो तास संपतो, कार्यकर्ती लग्न करून जाते, संस्था बंद पडते, आणि म्हाताऱ्या माणसाकडे ना आपण उरतो ना लेक. तेव्हा मी बैठकीत भांडून नियम करून घेतला. लेकीचं काम लेकीला ठेवायचं. आणि एका घरात एक माणूस सहा महिन्यांहून जास्त जाणार नाही. पाळी बदललीच पाहिजे. विश्वस्त म्हणाले, "फार कडक होतंय." मी म्हटलं, "कडकच हवं." या नियमाचा मला अजून अभिमान आहे.

आता माझ्या आईकडे येते.

वडील गेल्यावर आई रत्नागिरीहून माझ्याकडे राहायला आली. भाऊ बडोद्याला, तिथली भाषा तिला जमेना. आमचं घर इंद्रलोकमध्ये, सहाव्या मजल्यावर. आजूबाजूला सगळी माणसं चांगली, पण शाकाहारी; त्यांना वास सहन होत नाही म्हणून मी घरात सुकी मासळी करणं केव्हाच सोडलं होतं. ओली मासळीसुद्धा खिडक्या लावून, सणावारी केल्यासारखी. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तिने कशाबद्दलच काही म्हटलं नाही. हो, नको, राहू दे, एवढ्या तीन शब्दांत तिचा दिवस जायचा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या आयांशी बोलून घरी यायचे तेव्हा माझ्याकडेही तीनच शब्द उरलेले असायचे.

एक दिवस आमचे हे म्हणाले, "सगळ्या भाईंदरच्या म्हाताऱ्यांना माणूस पाठवतेस. स्वतःच्या आईला पाठव की."

मला राग आला. राग आला म्हणजे बोलणं खरं होतं. मी आईचं नाव यादीत घातलं, आणि कुणाला मोकळा वेळ आहे बघितलं तर फिलोमिना निघाली.

फिलोमिना उत्तनची. आम्ही तिला फिलू म्हणायचो. तिशी ओलांडलेली, आधी एका शाळेच्या ऑफिसात होती, मग आमच्याकडे आली. कामाला चांगली, वेळेवर येणारी, जरा मोठ्याने हसणारी. माझं तिच्याबद्दल काही वाईट मत नव्हतं. पहिल्या भेटीला ओळख करून द्यायला मी घरी थांबले होते. आई पलंगावर भिंतीला टेकून. फिलू उभी राहिली, आई 'बस' म्हणाली, मग बसली. सगळं नियमाप्रमाणे.

आईने विचारलं, "तुझा गाव कुठचा गो?"

"उत्तन, आजी. समुद्राच्या बाजूलाच घर."

"मासळी येते?"

"येते काय! आमच्या दाराशी बोंबील सुकतात. रात्री झोपताना पण नाकात तोच वास."

आई भिंत सोडून सरळ बसली. "मग तू इकडे कशाला येतेस?" असं म्हणाली आणि हसली. वडील गेल्यानंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी वाजवली.

त्यानंतर दर बुधवार म्हणजे आमच्या घरी सण. आई मंगळवारीच धुतलेलं पातळ काढून ठेवायची. फिलू गेल्यावरही तासभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी राहायचं. मी विचारायचे, "काय बोललात आज?" आई म्हणायची, "कायतरी आपलं." कायतरी! मी लोकांच्या आयांची सगळी गुपितं पोटात ठेवलेली बाई, आणि माझ्या आईचं 'कायतरी'.

एका बुधवारी डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आले, आतल्या खोलीत आडवी झाले. भिंतीपलीकडे दोघी. आई सांगत होती की माझ्या वेळेला तिला कुर्ल्यांचे डोहाळे लागले होते. सासू सोवळ्या वळणाची, घरात कुर्ली आणायची सोय नव्हती. तर ही बाई, पोट सांभाळत, शेजारच्या एका मैत्रिणीबरोबर दुपारी खाडीवर जायची, चिखलात हात घालून कुर्ल्या पकडायची, तिथेच काटक्यांवर भाजायची, आणि हात राखेने घासून घरी यायची. "म्हणून ही पोर अशी," आई म्हणाली. "आडवी चालणारी. आणि नांगी कायम उगारलेली."

फिलू इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझ्या जन्माची गोष्ट. मी साठीला टेकले तरी मला ठाऊक नसलेली, आणि ती फिलूला! मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. उठून बाहेर गेले असते तर हक्काने विचारता आलं असतं. पण भेट चालू असताना घरातल्या माणसाने मध्ये यायचं नाही, हाही नियम माझाच.

सहा महिने झाले तेव्हा फिलूच माझ्या टेबलाशी आली. "ताई, आजींकडची माझी पाळी संपते. पुढच्या महिन्यापासून कोण?" मी गंभीर चेहरा केला, पण खरं सांगते, आत लाडू फुटत होते. नियम म्हणजे नियम. मी काही केलंच नाही, नियमाने केलं. फिलूने, आम्ही शिकवल्याप्रमाणे, आधीच्या दोन भेटींमध्ये आईला सांगून ठेवलं, शेवटच्या दिवशी नीट निरोप घेतला, डोळे पुसले आणि गेली. तिच्या जागी आम्ही पाटकर बाईंना पाठवलं. निवृत्त शिक्षिका, बोलायला मधाळ. आई त्यांच्यासमोर हात जोडून बसायची, "छान", "बरं", "हो का" म्हणायची, आणि थोड्या वेळाने डोळे मिटायची. तिसऱ्या भेटीला तर बाई यायच्या आधीच पांघरूण घेऊन झोपली.

मग तिने जेवण कमी केलं. आधी बोलणं सुटतं, मग जेवण सुटतं. हे मी या कामात किती घरांत पाहिलं होतं. त्या घरांतल्या लेकी मला म्हणायच्या, "वय झालंय आता," आणि मी त्यांना सांगायचे, वय नाही, लक्ष द्या. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, तब्येतीत काही नाही. ते मला ठाऊक होतं. ताटात उरलेली अर्धी भाकरी मी झाकून ठेवायचे आणि रात्री पुन्हा तिच्यापुढे धरायचे.

अशा वेळी शहाणी बाई काय करेल? सरळ फिलूला बोलावेल. मी ठरवलं, आपण भेटीच्या कामात मुरलेल्या आहोत, नव्या मुलींना आपण शिकवतो, तर आईची भेट आपणच घ्यायची. रीतसर. बुधवारी दुपारी मी ऑफिसमधून आले, जवळ चावी असून घराची बेल वाजवली. बऱ्याच वेळाने आईने दार उघडलं.

"चावी हरवलीस?"

"नाही. तुला भेटायला आले."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. मी आत येऊन उभी राहिले. ती 'बस' म्हणायची वाट बघत राहिले. ती म्हणेना. आपल्याच घरात कोण कुणाला बस म्हणणार? शेवटी मीच पलंगाच्या कडेला टेकले आणि नेहमीच्या आवाजात, जो आवाज मी बाहेर वापरते त्या आवाजात विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"बरं."

"लहानपणी तुमच्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, पावसाळ्याआधी कशी तयारी करायचे?"

हा आमचा हमखास चालणारा प्रश्न. दगडसुद्धा यावर बोलतो.

"पगार देतात काय गो तुला ह्याचा?" आईने विचारलं. मग पाठ फिरवून आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला आवडत नव्हती ना ती आलेली. तू लहानपणापासून अशीच. भाऊ झाला तेव्हा त्याच्या पाळण्याची दोरी सोडून ठेवली होतीस."

मी रविवारी उत्तनला गेले.

भाईंदर पश्चिमेहून बस थेट जाते. उतरल्यावर चर्चच्या बाजूने खाली गेलं की समुद्र, आणि समुद्राच्या अलीकडे बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील. वास येतोच. लहानपणी शेजारच्या अंगणातून तोच यायचा. मी थोडा वेळ तशीच उभी राहून तो घेतला. फिलूचं घर विचारत गेले तर ती घरी नव्हती. दाराशी तिची आई, रोझी मावशी, ताडपत्रीवर सुकट निवडत बसली होती. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, गळ्यात क्रॉस.

"फिलू घरान न्हाय, मार्केटला गेली. तू कोन?"

मी सांगितलं, ऑफिसातली सुनंदा.

"म्हंजे ती रत्नागिरीची आजी तुजी आय?" मावशीने सुकट खाली टाकली. "बस गो, बस. तुजे आयचा नाव आयकून आयकून माजे कान किटले. आज आजी ह्या बोलली, आज आजी त्या बोलली. घरान आयली का मोबाईल. माज्यासंगं बोलाला तिला टाईम न्हाय. दुसऱ्याचे आयसंगं कशी हासत आसंल, मना म्हायती हाय."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आजवर मी एकटीच जळते आहे असं समजत होते. इथे समुद्राच्या काठी आणखी एक बाई, माझ्याच आईवर जळत बसलेली.

सवयीने मी तिच्यासमोर बसले आणि सुकट निवडायला घेतली. काही विचारलं नाही. मावशीच बोलत गेली. इकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका गात-वाजत विहिरीवर जातात. तरुणपणी पुढे गाणारी म्हणजे रोझी मावशी. गोराई, मनोरीहून बोलावणं यायचं. मग लग्न झालं, आणि सासू म्हणाली, हिचा आवाज बाप्याचा. त्या दिवसापासून मावशीने चारचौघांत तोंड उघडलं नाही. "खळ्यान गातंय कवा कवा," ती म्हणाली. "वारा आसला का. कुनाला आयकू जात न्हाय." आणि ताडपत्रीकडे बघत, हात न थांबवता, तिने गायला सुरुवात केली. जाड, खरखरीत, भरलेला आवाज. मी सुकट विसरले.

गाणं संपलं तेव्हा मागे फिलू उभी. हातात भाजीची पिशवी.

"मम्मी, तू गात होतीस? कवा?"

"तू कवा इचारलंस?" मावशी म्हणाली.

फिलूने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला पाठ होता. आमच्या बाथरूमच्या आरशात मी तो दर बुधवारी बघत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं बरंच वाटलं.

ती मला सोडायला बस-स्टॉपपर्यंत आली. मी सांगितलं, आई जेवत नाही. तुझी आठवण काढत नाही, पण जेवत नाही.

"ताई, मी भेटीला नाय येऊ शकत. नियम तुमचाच हाय."

"माझाच आहे. बदलायचा नाहीये मला."

"मग पाहुणी म्हणून येते. पुढच्या रविवारी, चर्चात मासच्या प्रार्थनेला जाऊन झालं की. पाहुण्याला नियम नाय." थोडं चालून ती थांबली. "आणि ताई, मम्मीकडे परत यायचं असेल तर मला सांगून या हां. मी घरी असताना या."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

घरी पोचले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. कुठे गेली होतीस, असं तिने विचारलं, म्हणजे माझ्या लक्षात आलं की ती वाट बघत होती. मी सांगितलं, उत्तनला. पुढच्या रविवारी फिलू येते आहे, पाहुणी म्हणून.  आईने माझी साडी नाकाशी धरून वास घेतला.

"एवढा वेळ तिच्याशीच बोलत होतीस?"

"नाही, ती घरी नव्हती. तिच्या आईशी."

"तिच्या आईशी?"

"हो. चांगली बाई आहे. गाते. सासूने गाणं बंद केलं होतं तिचं, मला गाऊन दाखवलं. जुन्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, फिलूला ठाऊक नसलेल्या." मी जरा खुलवूनच सांगत होते. "सुकट निवडता निवडता दुपार कशी गेली कळलंच नाही."

आई पातळाचा काठ बोटाला गुंडाळू लागली, सोडू लागली. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

"गाणारी काय, कोणपण गाईल," ती म्हणाली. "आणि सासवेचं काय सांगते? सासू मलापण होती." मग पलंगावर थोडी सरकली आणि बाजूच्या मोकळ्या जागेवर हात आपटला. "बस हिकडे. तिची दुपार ऐकलीस ना? आता माझं ऐक."

मी बसले. आईने दाराकडे पाहिलं, हे बाहेरच्या खोलीत टीव्ही बघताहेत याची खात्री केली, आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. मध्ये एकदा मी उठून दोघींना भात आणि आमटी वाढून आणली. तिने बोलता बोलता सगळी संपवली, तिचं लक्षही नव्हतं. सांगून झाल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "हे फिलूलासुद्धा सांगितलेलं नाय. कळलं? कुणाला बोलू नको."

म्हणून ते काय होतं, हे मी इथेही लिहिणार नाही. संपादकांनी दोनदा विचारून पाहिलं. फिलू तर अजून विचारते, अगदी रडकुंडीला येऊन. आई जाऊन आता काही काळ झाला, आणि ती गोष्ट जगात माझ्या एकटीकडे आहे. तुम्हाला माझा हेवा वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.